सोसायटीत पिटबुल पाळायचा असेल तर: आधी काय, नंतर काय

पिटबुल पाळणारे बहुतेक लोक करायचे ते सगळे करतात, फक्त उलट्या क्रमाने. आधी पिल्लू घरी येते. ते आठ-नऊ महिन्यांचे झाले आणि बाहेर नेताना हात खांद्यातून निखळायची वेळ आली, की ट्रेनरचा शोध सुरू होतो. सोसायटीची नोटीस आली की महापालिकेचा परवाना आठवतो. आणि मुसके आणले जाते ते कोणाला तरी दात लागल्यावर. तोवर वॉचमनपासून चौथ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळ्यांचे मत ठरून गेलेले असते आणि मालक म्हणत राहतो, "लोकांना या जातीबद्दल उगाच आकस आहे."

आकस आहेच. पण तो वाद घालून जात नाही. "तो काही करत नाही हो" या वाक्याने तर तो वाढतो, कारण ऐकणाऱ्याला तुमचा कुत्रा माहीत नसतो आणि तुम्हीही. शेजाऱ्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था लावणे एवढेच मालकाच्या हातात आहे. ती कशी लावायची, हे पुढे क्रमाने दिले आहे. क्रम बदलू नका.

## १. पिल्लू बघायला जाण्याआधी घर तपासा

घरातली सगळ्यात अशक्त व्यक्ती कोण, हा पहिला प्रश्न. पूर्ण वाढलेला पिटबुल साधारण पंधरा ते तीस किलोंचा असतो. ‘बुली’ म्हणून विकले जाणारे काही कुत्रे त्याहून बरेच जड. वजनापेक्षा त्याची ओढ महत्त्वाची. तुम्ही ऑफिसला गेल्यावर तो कोणाच्या ताब्यात असणार? जुलै २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा, मुलाने पाळलेल्या पिटबुलच्या हल्ल्यात, राहत्या घरातच मृत्यू झाला. ती बातमी जातीबद्दल वाद घालण्यासाठी पुष्कळ वापरली गेली. पाळणाऱ्याने त्यातून एवढेच घ्यावे की जो कुत्र्याला आवरू शकत नाही, त्याच्यावर कुत्रा सोपवायचा नाही. वय झालेले आईवडील, कामाला येणाऱ्या मावशी आणि दहावीतला मुलगा यांना ‘थोडा वेळ बघा’ म्हणायचे नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. रोज दोन वेळा मिळून किमान दीड तास, पुढची दहा-बारा वर्षे. रविवारी जास्त फिरवून आठवड्याची भरपाई होत नाही.

तिसरा प्रश्न जरा टोचेल. तो रुबाबदार दिसतो, लोक बिचकतात, म्हणून हवा आहे का? तसे असेल तर इथेच थांबा. लोकांना बिचकवण्यासाठी पाळलेला कुत्रा आणि ‘लोक उगाच घाबरतात’ ही तक्रार एका घरात नांदत नाहीत.

तपासा: घरात किमान दोन प्रौढ माणसे असा कुत्रा एकट्याने आवरू शकतात का? एकच असेल, तर ती व्यक्ती आजारी पडल्यावर काय, याचे उत्तर आज कागदावर लिहा. ते लिहिता येत नसेल तर पुढचे वाचू नका.

## २. कायदा आणि कागद

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र लिहून पिटबुलसह २३ जातींच्या विक्रीला, पैदाशीला आणि पाळण्याला परवाने देऊ नयेत असे सांगितले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते परिपत्रक रद्द केले. पण म्हणून ‘आता सगळीकडे चालते’ असे समजू नका. स्थानिक नियम वेगळे असतात. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्येच पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी घातली होती. गोव्यात ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण भागात सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि त्यानंतर सरकारने पिटबुल व रॉटवायलरवर बंदीचा निर्णय जाहीर केला. बदली होऊन गोव्याला किंवा उत्तरेत जायची शक्यता असेल तर कुत्रा आणण्याआधी हे लक्षात घ्या. परदेशात जाणाऱ्यांनी तर जास्तच: ब्रिटनमध्ये पिटबुल टेरियरवर १९९१ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तिथे जात कागदावरून नव्हे तर दिसण्यावरून ठरवतात.

तुमच्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात स्वतः जाऊन विचारा: या जातीला परवाना मिळतो का, कोणती कागदपत्रे लागतात, नूतनीकरण कधी करायचे? रेबीज लसीकरणाचा दाखला लागतोच. ओळखीच्या पाळणाऱ्याने काय केले, यावर विसंबू नका. त्याच्याकडे परवाना नसण्याची शक्यताच जास्त.

सोसायटीबाबत दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करू शकत नाही. हे कमिटीने वाचायचे. मालकाने वाचायचे ते भारतीय न्याय संहितेचे कलम २९१: ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दारावर ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी लावली म्हणजे काळजी घेतली, असे होत नाही.

एक फाइल करा: परवाना, लसीकरण कार्ड, मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) क्रमांक, नसबंदीचा दाखला, ट्रेनरच्या वर्गांच्या पावत्या, विमा काढला असेल तर त्याची प्रत. काही पेट विमा योजनांत तुमच्या कुत्र्यामुळे तिऱ्हाइताला झालेल्या नुकसानीचे संरक्षण असते. विकत घेताना नेमके तेच विचारा. एजंट फक्त आजारपणाचे सांगतो.

## ३. कमिटीला पत्र: कुत्रा येण्याआधी

हे पत्र परवानगीसाठी नाही, माहितीसाठी आहे. पण ते आधी गेले तर तुम्ही जबाबदार रहिवासी ठरता, आणि तक्रारीनंतर गेले तर आरोपी. साधे ठेवा:

*"पुढील महिन्यात आमच्या घरी कुत्रा येत आहे. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाच्या प्रती सोबत देऊ. तो सामायिक जागेत कधीही मोकळा सोडला जाणार नाही. गर्दीच्या वेळी आम्ही त्याला लिफ्टमध्ये नेणार नाही. घाण आम्ही स्वतः उचलू. काही अडचण वाटल्यास थेट या दोन क्रमांकांवर फोन करावा."*

जात लपवू नका. ‘लॅब्रॅडॉर मिक्स आहे’ असे सांगून आणलेला पिटबुल चार महिन्यांत सगळ्यांना ओळखू येतो, आणि मग तुमचे परवान्यापासून लसीपर्यंत सगळेच खोटे वाटू लागते.

कमिटीच्या बैठकीत आकडेवारी घेऊन जाऊ नका, हा माझा आग्रहाचा सल्ला. आकडे आहेत. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरचा अभ्यास आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास फरक जातीमुळे समजतो, असे त्यात दिसले. अमेरिकेत निवारागृहातले कर्मचारीसुद्धा नुसते बघून पिटबुल ओळखताना वारंवार चुकतात, हेही डीएनए तपासणीने दाखवले आहे. तुमच्या समजुतीसाठी हे ठीक. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सरासरी कुत्रा नको असतो. त्यांना हे हवे असते की त्यांची नात खाली खेळत असताना तुमचा कुत्रा पट्ट्यात असेल. त्यांची शंका रास्त आहे. पिटबुल इतरांहून जास्त वेळा चावतो का, हा वादाचा विषय. तो चावला तर इजा छोट्या कुत्र्याच्या चाव्यापेक्षा कितीतरी गंभीर होऊ शकते, यात वाद नाही.

## ४. कुत्रा निवडताना

पहिल्यांदाच पाळत असाल तर पिल्लू घेऊ नका, दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घ्या. दिसायला पिल्लू गोड, पण ते मोठेपणी कसे निघेल हे कोणीच सांगू शकत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो: तो इतर कुत्र्यांना बघून काय करतो, खाताना जवळ गेले तर ताठरतो का, अनोळखी माणूस आत आला तर? तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी भेटा. एकदा घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.

पिल्लूच हवे असेल तर:

- आठ आठवड्यांच्या आतले घेऊ नका. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार ते विकताही येत नाही. आई आणि भावंडांत घालवलेल्या या आठवड्यांतच पिल्लू दाताचा जोर आवरायला शिकते.
- आई दाखवा म्हणा. ती अनोळखी माणसाला बघून कशी वागते ते पाहा. ‘आई गावाला आहे’ असे उत्तर आले तर परत फिरा.
- वंशावळीचे पेपर आहेत म्हणून भुलू नका. अमेरिकन पिटबुल टेरियरला एफसीआय ही आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना जात म्हणून मान्यताच देत नाही. पेपर कोणाचा आणि कोणत्या नावाने आहे, हे वाचा.
- कान कापलेले पिल्लू घेऊ नका आणि कापून घेऊ नका. निव्वळ दिसण्यासाठी अवयव कापणे ही क्रूरता आहे आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली त्यावर कारवाई होऊ शकते. शिवाय कान हा कुत्र्याच्या बोलण्याचा मोठा भाग आहे. तो कापला की घाबरला आहे की चिडला आहे हे समोरच्याला कळायला उशीर होतो.

थांबा: विकणारा ‘याचा बाप फायटर होता’ असे कौतुकाने सांगत असेल, तर तिथून निघा. कुत्र्यांच्या झुंजी लावणे गुन्हा आहे, आणि झुंजीसाठी निवडलेल्या वंशात इतर कुत्र्यांवर धावून जाण्याचा कल असतो. ‘जसे वाढवाल तसा होतो’ हे अर्धेच खरे आहे. जन्मतः काय आले आहे, त्याचाही वाटा असतोच.

## ५. घरात दोन दारांचा नियम

बहुतेक फ्लॅटना आतला लाकडी दरवाजा आणि बाहेर जाळीचा सेफ्टी डोअर असतो. पिटबुलच्या घरात ही दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असता कामा नयेत. कुरिअरवाला आला की आधी कुत्रा आतल्या खोलीत किंवा हॉल आणि पॅसेजमधल्या लहान मुलांच्या गेटमागे, मग दार. गेट घेताना स्प्रिंगवर टेकणारे घेऊ नका, भिंतीत स्क्रूने बसणारे घ्या. पहिले तो छातीने ढकलून पाडतो.

कामाच्या मावशी आणि दूधवाला यांच्यासाठी हा नियम शिथिल करायचा मोह होतो, कारण ‘तो त्यांना ओळखतो’. मुद्दा फक्त चावण्याचा नाही. दार उघडे राहिले आणि तो जिन्यावरून समोरच्यांच्या पॉमेरेनियनकडे धावला, तर तेवढ्यावरही सोसायटीत तुमचे नाव जाते.

कुत्र्याला झोपायला स्वतःची जागा द्या. तो तिथे असताना त्याला कोणी हात लावायचा नाही. मुलांनी तर नाहीच. दिवसभर बाल्कनीत साखळीला बांधून ठेवू नका. जाणाऱ्या-येणाऱ्यावर भुंकायचे आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे नाही, याचा रोज आठ तास सराव झाला की तुम्ही स्वतःच्या हाताने चिडखोर कुत्रा तयार केलेला असतो.

तपासा: घरातल्या प्रत्येकाकडून, न सांगता, बेल वाजल्यावरचा क्रम करून घ्या. लहान मुलगी धावत जाऊन दार उघडत असेल तर कुत्रा आणायला अजून अवकाश आहे.

## ६. पहिले सोळा आठवडे

इथली चूक चांगल्या हेतूने होते. पशुवैद्य सांगतात की लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली सोडू नका, आणि लोक त्याला चार महिने घरातच ठेवतात. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, भीती खरी आहे. रस्त्यावरच्या जमिनीवर ठेवायचे नाहीच. पण माणसे, आवाज आणि वास यांची सवय लागण्याचा काळ साधारण तीन ते चौदा आठवड्यांचा असतो, आणि तो लसींची वाट पाहत नाही.

म्हणून कडेवर घेऊन न्या. गेटवर वॉचमनजवळ दहा मिनिटे थांबा. रिक्षा, कुकरची शिट्टी, शाळा सुटल्यावरचा गलका, छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला डिलिव्हरी बॉय, काठी टेकत चालणारे आजोबा: रोज एकदोन नव्या गोष्टी, दुरून, खाऊ देत. पिल्लू आक्रसले तर अंतर वाढवा. ‘सवय होईल’ म्हणून गर्दीत धरून ठेवू नका. गणपतीत ढोल-ताशाच्या पथकासमोर किंवा दिवाळीच्या फटाक्यांत नेणे म्हणजे सराव नव्हे; त्याने भीती घट्ट बसते. त्या दिवसांत आतली खोली, बंद खिडक्या, चालू पंखा.

लसींचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्या. साधारणपणे सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस, रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास, मग बूस्टर. नसबंदी कधी करायची हेही याच भेटीत ठरवा. तिने स्वभाव पालटत नाही, पण नराचे हुंगत पळणे कमी होते आणि नको असलेली पिल्ले थांबतात. भारतातल्या निवारागृहांत टाकून दिलेले पिटबुल का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिथेच आहे.

## ७. पट्टा आणि मुसके

पट्टा म्हणजे पाच-सहा फुटांचा, न लांबणारा, रुंद नायलॉनचा किंवा कातड्याचा. बटण दाबल्यावर लांबत जाणारा फ्लेक्सी पट्टा या कुत्र्याला कधीही नाही. लोखंडी साखळीही नको. ती जड असते, आणि अचानक ओढ बसली की हाताची साल काढून निसटते. काटेरी गळपट्टा वापरू नका: दुसरा कुत्रा दिसताच मानेत टोचले, की त्याच्या डोक्यात दुखणे आणि दुसरा कुत्रा यांची जोडी बसते.

दोन ठिकाणी अडकवा: छातीचा हार्नेस आणि गळपट्टा, दोन्ही एकाच पट्ट्याला किंवा दोन पट्ट्यांना. एक कडी तुटली तरी दुसरी असते. दर रविवारी शिवण आणि कड्या बघा. पावसाळ्यात कड्या गंजतात.

मुसके हा सगळ्यात टाळला जाणारा भाग. ते ‘वाईट कुत्र्या’साठी असते असा समज आहे, म्हणून मालकाला लाज वाटते. खरे तर पायाला जखम झाल्यावर पशुवैद्याच्या टेबलावर ते लागणारच आहे. तेव्हा पहिल्यांदा बांधले तर कुत्रा बिथरतो. आधी शिकवलेले असेल तर ते त्याला चष्म्याइतके साधे वाटते.

टोपलीसारखे, आत तोंड पूर्ण उघडून धापा टाकता येईल असे घ्या. तोंड घट्ट आवळणारे कापडी मुसके आपल्या हवेत फिरायला नेताना धोक्याचे आहे: कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो.

शिकवण्याचा क्रम, साधारण दोन आठवड्यांचा:

१. मुसके नुसते दाखवा, खाऊ द्या, लपवा. दिवसात तीनदा.
२. आत दही चोपडा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवा. त्याने स्वतः नाक घातले पाहिजे. तुम्ही ढकलायचे नाही.
३. नाक आत असताना फटीतून एकेक तुकडा देत वेळ वाढवा: दोन सेकंद, पाच, दहा.
४. बक्कल लावा, लगेच काढा. मग अर्धा मिनिट. मग घरातल्या घरात फेरी.
५. पंजाने ओरबाडू लागला तर एक पायरी मागे जा. ओरडू नका.
६. घरात पाच मिनिटे निवांत राहिला की मगच बाहेर.

तपासा: मुसके लावून तो पाणी पिऊ शकतो का? नाकापुढे बोटभर जागा आहे का? मुसक्याचा पट्टा मानेवर दोन बोटे जातील इतका सैल, पण पंजाने ओढून निघणार नाही इतका घट्ट?

## ८. लिफ्ट, जिना, पार्किंग

लिफ्ट वापरण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो सकाळी शाळेच्या बसच्या वेळी बजावू नका. शक्यतो रिकामी लिफ्ट घ्या. दार उघडल्यावर आत कोणी असेल तर "तुम्ही जा, मी पुढच्या फेरीला येतो" म्हणून मागे सरका. तुम्ही आत असताना कोणी येऊ लागले तर आधी विचारा. कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये, पट्टा आखूड. मजला आला की आधी तुम्ही बाहेर डोकवायचे, मग तो.

जिन्याच्या वळणावर आणि पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून निघताना अचानक गाठ पडते. तिथे थांबून पुढे बघायची सवय स्वतःला लावा. खाली पायऱ्यांवर झोपलेली गल्लीतली कुत्री असतील तर वॉचमनला विचारून दुसरा दरवाजा वापरा. पट्ट्यातल्या कुत्र्यावर मोकळी कुत्री धावून येतात, आणि झटापट झाली तर पहिली चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. पिटबुल कोणता, हे सगळ्यांना दिसते.

मुले ‘हात लावू का?’ विचारत येतील. "नको, तो शिकतोय" एवढे सांगून पुढे निघा. तुमचा कुत्रा मुलांशी कितीही गोड असला तरी पार्किंगमध्ये आठ मुलांचे कोंडाळे ही त्याची परीक्षा घ्यायची जागा नाही. उन्हाळ्यात फिरवण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

## ९. गुरगुरणे मारून बंद करू नका

गुरगुरणे, ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांच्या पांढऱ्या कडा दिसणे, अंग एकदम थिजणे: हे सगळे ‘लांब जा’ असे सांगणे आहे. ताठ, उंच धरलेली शेपटी हलत असली तरी तो आनंद नव्हे. यातले काही दिसले की आधी अंतर वाढवा. गुरगुरल्याबद्दल फटका दिला तर गुरगुरणे जाते, राग राहतो. मग एक दिवस तो ‘काही न करता एकदम चावला’ असे सांगितले जाते. त्याने इशारे दिलेले असतात; ते देणेच महागात पडते, हे त्याला घरात शिकवलेले असते.

एक ते तीन वर्षे हा नाजूक काळ. पार्कमध्ये कालपर्यंत सगळ्या कुत्र्यांशी खेळणारा पिटबुल या वयात काही कुत्र्यांना सहन करेनासा होऊ शकतो. मालक म्हणतो, ‘आज मूड नाही’, आणि पुन्हा नेतो. तसे करू नका. गर्दीचा डॉग पार्क बंद करा, ओळखीचा एकदुसरा कुत्रा पुरे, आणि मारझोड न करणाऱ्या ट्रेनरकडे याच आठवड्यात जा. ‘आठ दिवसांत वठणीवर आणतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

झटापट झालीच तर तोंडाजवळ हात घालू नका. पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होतो, ही भाकडकथा आहे. तो फक्त सोडत नाही. पकडलेले असताना ओढले तर समोरच्या कुत्र्याचे मांस फाटते. दोन माणसांनी एकाच वेळी दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय उचलून धरायचे, पकड सुटल्यावर मागे चालत जायचे. पाण्याची बादली, जाड सतरंजी, मध्ये सरकवलेली फळी हेही चालते. काठीने मारल्याने पकड घट्ट होते.

## १०. माणसाला दात लागलाच तर

क्रम पाठ असू द्या, कारण त्या वेळी सुचत नाही.

१. कुत्रा आधी खोलीत बंद. माफी, चर्चा नंतर.
२. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही लावायचे नाही.
३. जखमी माणसाला स्वतः डॉक्टरकडे न्या. कुत्र्याला लस दिलेली असली तरी न्या. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. दंडात द्यायच्या लसीचा पहिला डोस लगेच, आणि तो दिवस शून्य धरून पुढचे डोस साधारणपणे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) लागते, त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.
४. फाइलमधली लसीकरणाची प्रत त्यांना द्या. खर्च तुम्ही करायचा, तो मागायची वेळ येऊ देऊ नका.
५. कुत्रा दहा दिवस घरात, पशुवैद्याच्या देखरेखीखाली. त्याला मित्राच्या फार्महाउसवर पाठवू नका. तो नजरेआड गेला की तो ठणठणीत राहिला की नाही, ही जखमी माणसाच्या डॉक्टरांना लागणारी माहितीच जाते, आणि पोलिसांत ते लपवाछपवीसारखे दिसते.
६. काय घडले ते त्याच दिवशी लिहून ठेवा: वेळ, जागा, पट्टा होता का, दार कोणी उघडले. कमिटीला तुमच्याकडून कळू द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवरून नव्हे.
७. त्या दिवसापासून दाराबाहेर मुसके सक्तीचे. महिन्याभरात श्वान-वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. अंगात दुखणे असेल तर कुत्रा चिडचिडा होतो, म्हणून आधी कान, दात, सांधे आणि गोचिडताप तपासा.

तपासणीनंतर तो तुमच्या घरात सुरक्षितपणे सांभाळता येणार नाही असे निघाले, तर ऑनलाइन ‘फुकट द्यायचा आहे’ अशी जाहिरात टाकू नका. झुंजीवाले आणि पैदासवाले अशाच जाहिराती शोधत असतात. ज्याच्याकडून आणला त्याला आणि तुमच्या पशुवैद्याला आधी विचारा. नव्या घराला चाव्याची गोष्ट लेखी सांगा, आणि परवान्यावरचे नाव बदलून घेतल्याशिवाय पट्टा हातातून देऊ नका.